विहीर सांगते किती लांब, नकाशा सांगतो कुठल्या बाजूला

या महिन्यात चारच प्रश्न घेतोय, कारण दुसऱ्या प्रश्नाला जागा लागणार आहे. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो: मी ३१ वर्षं तेलविहिरींच्या चाचण्या घेतल्या, निम्म्या गुजरातेत जमिनीवर, निम्म्या मुंबईच्या समुद्रात. आता सोलापुरात विजापूर रोडला राहतो.

बार्शी तालुक्यातून एक शेतकरी विचारतात: आमच्या ५५० फुटांच्या बोअरच्या पाण्यावर सकाळी तेलकट तवंग येतो, त्यात इंद्रधनुष्यासारखे रंग दिसतात. अधूनमधून बुडबुडेही येतात. गावातले लोक म्हणतात खाली तेल आहे. कुणाला कळवावं?

कळवण्याआधी एक काडी घ्या. सकाळचं पहिलं पाणी पसरट पांढऱ्या भांड्यात काढा, तवंग स्थिर होऊ द्या आणि काडीने मधोमध रेघ मारा. तवंगाचे पापुद्र्यासारखे कोनाकोनांचे तुकडे झाले आणि ते तसेच सुटे राहिले, तर ते तेल नाही. पाण्यातल्या लोहावर जगणारे जीवाणू असतात, त्यांची ती साय आहे. टाकीच्या तळाला तांबूस, बुळबुळीत गाळ बसत असेल तर जवळजवळ खात्रीच समजा. रेघ मारल्यावर तवंग लगेच वाहत येऊन पुन्हा जुळला, तर मात्र ते तेल आहे. पण मग पहिला संशय पंपावर घ्या. मोटारीतलं तेल गळतंय का, बोअरच्या आसपास डिझेलचे ड्रम ठेवले आहेत का, ते बघा. बुडबुडे बहुतेक वेळा हवेचे असतात. पाण्याची पातळी खाली गेली की पंप हवा ओढायला लागतो. तरीही बोअरच्या तोंडाशी आगकाडी ओढून बघू नका, हे कळकळीने सांगतो. पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या. ते पाणी तुमच्या घरात प्यायलं जातंय, म्हणून तेवढं कराच.

आता खालच्या तेलाचं. आपल्या पायाखालचा काळा पाषाण लाव्हाचा आहे, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. लाव्हात तेल तयार होत नाही. त्यासाठी समुद्राच्या किंवा तळ्याच्या तळाशी सूक्ष्म जीवांचा गाळ साचावा लागतो आणि तो दोन-तीन किलोमीटर खोल गाडला जाऊन तापावा लागतो. किल्लारीच्या भूकंपानंतर तिथे संशोधनासाठी ६१७ मीटर खोल बोअर घेतलं होतं. त्यात ३३८ मीटर काळा पाषाण लागला, त्याखाली जेमतेम ८ मीटर गाळाचा थर, आणि मग थेट अतिप्राचीन कठीण खडक. आठ मीटरच्या गाळात तेल शिजत नाही. आपल्या भागाखाली याहून फार वेगळं असेल असं मानायला मला कारण दिसत नाही.

काळ्या पाषाणात तेल सापडतच नाही असं मात्र नाही. वडोदऱ्याजवळ पादरा इथे याच पाषाणाच्या भेगांतून तेल निघतं. पण ते त्या पाषाणात तयार झालेलं नाही. खंभातच्या खोऱ्यातल्या गाळाच्या खडकात तयार होऊन ते भेगांत शिरलं. तुमच्या बोअरमध्ये शिरायला तसा शेजार नाही.

सोलापुरातली भूशास्त्राची एक विद्यार्थिनी विचारते: सर, आमच्याकडे सिस्मिक एका सत्रात शिकवतात आणि वेल टेस्टिंग, म्हणजे विहिरीची चाचणी, दुसऱ्या सत्रात. दोन्ही जर तेलाच्या एकाच साठ्याबद्दल असतील तर प्रत्यक्षात त्यांची सांगड कशी घालतात? आणि सिस्मिकमध्ये सगळं दिसत असेल तर विहीर बंद करून दिवसच्या दिवस दाब मोजत का बसायचं?

तुझ्या प्रश्नातलं ‘सगळं दिसत असेल तर’ आधी खोडू या.

सिस्मिक म्हणजे जमिनीला हाक मारून तिचा प्रतिध्वनी ऐकणं. गुजरातेत कपाशीच्या शेतांतून आमच्या कंपनीची पथकं जिओफोन रोवत जायची. मुठीत मावेल एवढी डबी, तिच्या बुडाला खिळा, आत एक चुंबक आणि तारेचं वेटोळं. लांबवर सुरुंग उडाला की लहर खाली जाते, आणि जिथे खडकाची घनता किंवा लहरीचा वेग बदलतो तिथून तिचा थोडा भाग परत येतो. ती डबी किती वेळाने आणि किती जोरात हलली, एवढंच आपल्या हातात येतं. बाकी सगळं आपण लावलेला अर्थ असतो. लहरीला खाली जाऊन वर यायला २ सेकंद लागली आणि सरासरी वेग सेकंदाला ३००० मीटर धरला, तर थर ३००० मीटरवर आहे असं आपण म्हणतो. वेग धरण्यात दोन टक्क्यांची चूक झाली की थर ६० मीटरनी खालीवर झाला.

बारकाव्याचंही तसंच. खोलवरून परतणाऱ्या लहरीत ३० हर्ट्झच्या आसपासची कंपनं उरतात. ३००० ला ३० ने भागलं की तरंगलांबी आली १०० मीटर. तिच्या चौथ्या हिश्श्याहून, म्हणजे २५ मीटरहून, पातळ थराचा माथा आणि तळ वेगवेगळे दिसत नाहीत. खडक १० मीटरच सरकलेला फॉल्ट, म्हणजे प्रस्तरभंग, अशा नकाशावर नुसती शंका असते. पण तेल असलेला वाळूचा थर ८ मीटर जाडीचा असेल, तर तेवढाच फॉल्ट त्याचे साफ दोन तुकडे करतो. ही गोष्ट वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेव.

आणखी एक. लहरींवरून खडकात पोकळी किती, याचा बरा अंदाज बांधता येतो. त्या पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या आहेत की नाहीत, म्हणजे त्यातून तेल वाहील की नाही, हे लहरींवरून कळत नाही. वायूच्या बाबतीत तर मोठी फसगत होते. खडकातल्या पाण्यात पाच-दहा टक्केच वायू असला तरी लहरीचा वेग इतका पडतो की तो थर वायूने भरल्यासारखा चकाकतो. विहीर खोदली की पाणी लागतं.

आता दुसरी बाजू, आणि ती सांगायला मला मामाच्या विहिरीवर जावं लागेल.

१९७२ च्या दुष्काळानंतरचा उन्हाळा. अक्कलकोट तालुक्यात मामांची विहीर होती, तळ दिसेल न दिसेल अशी. इंजिनाने उपसा संपला की मामा मला काठावरच्या दगडी धावेवर बसवायचे. हातात सुंभाची दोरी, दर हाताला एक गाठ, टोकाला दगड. दर थोड्या वेळाने दोरी सोडायची आणि ओली गाठ मोजून सांगायची. पहिल्या तासात पाणी चार गाठी चढायचं, दुसऱ्यात दोन, मग एक, मग संध्याकाळपर्यंत अर्धी. मी एकदा विचारलं की इंजिन चालू असतानाच का नाही मोजायचं? मामा म्हणाले, “उपसा चालू असताना इंजिनच बोलतं रे, झरा बोलत नाही. बंद केल्यावर ऐक.”

पुढे इंजिनिअरिंगला प्रेशर बिल्डअपचा, म्हणजे विहीर बंद केल्यावर दाब भरत येण्याचा, धडा आला तेव्हा मला नवीन काहीच वाटलं नाही. तेलविहीर चालू असताना तिचा प्रवाह सारखा कमीजास्त होतो, आणि दाबातला प्रत्येक बदल त्या गडबडीत मिसळून जातो. विहीर बंद केली की प्रवाह शून्य, आणि शून्यात चढउतार नसतात. मग तळाशी दाब जसा भरत येतो तसा खडक बोलायला लागतो. हे गणितसुद्धा पाण्याकडूनच तेलाकडे आलं आहे. १९३५ मध्ये अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या थाइस यांनी पाण्याच्या विहिरीभोवती पातळी कशी उतरते याचं समीकरण मांडलं. त्याच पायावर १९५१ मध्ये हॉर्नर यांनी तेलविहिरीचा बिल्डअप एका सरळ रेघेत बसवून दाखवला. १९८३ मध्ये बूर्दे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या रेघेचा चढ वेळेबरोबर कसा बदलतो हे वेगळं काढून बघायची पद्धत दिली. आज सगळे ज्याला डेरिव्हेटिव्ह म्हणतात तो हाच.

मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्याकडे विहिरीच्या तळाशी दाब मोजणारे अमेराडा गेज होते. लांब पोलादी नळी, आत घड्याळ, घड्याळावर चालणारी नळकांडी आणि तिच्यात बसवलेला काळा लेप दिलेला पितळी पत्रा. दाब बदलला की सुई त्या पत्र्यावर ओरखडा काढायची. तारेला बांधून गेज तीन किलोमीटर खाली सोडायचा, दोन दिवसांनी वर ओढायचा, पत्रा सोलून काढायचा आणि भिंगाखाली त्या ओरखड्याची उंची मोजत बसायचं. साठ्याच्या पोटातली दोन दिवसांची सगळी हकीकत तळहाताएवढ्या पत्र्यावरच्या केसाएवढ्या रेघेत असायची. नंतर क्वार्ट्झचे गेज आले. ते दाबातला ०.०१ पीएसआयचा (पीएसआय हे दाबाचं एकक) फरकसुद्धा पकडतात, आणि आपण मोजण्यात नाही तर थांबण्यात कमी पडतोय हे त्यांच्यामुळे उघड झालं.

थांबण्याचं गणित असं. विहीर बंद केल्याची खबर खडकातून हळूहळू पसरते. समज, पारगम्यता, म्हणजे खडक तेल किती सहज वाहू देतो ते, ५० मिलिडार्सी आहे, सच्छिद्रता, म्हणजे खडकातली पोकळी, २० टक्के आहे आणि तेल पाण्याएवढं पातळ आहे. तर २४ तासांत ती खबर साधारण २०० मीटरपर्यंत पोचते. ४०० मीटरपर्यंत पोचायला ४८ तास पुरत नाहीत, ९६ तास लागतात. दुप्पट लांब बघायचं तर चौपट थांबावं लागतं. वाटेत घट्ट बंद फॉल्ट आडवा आला तर त्या बाजूचा पुरवठा तुटतो, विहिरीला अर्ध्याच अंगाने तेल मिळतं, आणि हॉर्नरच्या रेघेचा चढ हळूहळू दुप्पट होतो. दोन्ही बाजूंना समांतर भिंती असतील, म्हणजे जुन्या नदीच्या पात्रातल्या वाळूत विहीर असेल, तर आलेखाचं वळण वेगळं. म्हणजे विहीर आपल्याभोवतीचं अंगण चाचपून सांगते.

पण चाचपून! विहिरीला दिशा कळत नाही. फॉल्ट पूर्वेला २०० मीटरवर असो की पश्चिमेला २०० मीटरवर, आलेख तंतोतंत तोच येणार. शिवाय चढ वाढला म्हणजे फॉल्टच असं नाही. थर पुढे बारीक होत गेला, खडक घट्ट होत गेला, वायूच्या विहिरीत पुढे पाणी लागलं, तरी रेघ उचलली जाते. यातलं काय खरं, हे नुसत्या आलेखावरून ठरवता येत नाही. सिस्मिकचं याच्या उलट. त्याला भिंत कुठल्या बाजूला आणि कशी गेली आहे ते दिसतं. ती भिंत तेल अडवते की गळू देते, हे त्याला कळत नाही. तू विचारलेली सांगड इथे आहे, आणि ती कागदावर जितकी सोपी दिसते तितकी कचेरीत सोपी नसते.

१९९६ सालची गोष्ट. जमिनीवरच्या एका क्षेत्रात पहिली विहीर चांगली लागली. मी चाचणीवर होतो. ७२ तास बंद ठेवायचं ठरलं होतं. १८ व्या तासाला निरोप आला की रिग (विहीर खोदणारं यंत्र) दुसरीकडे हवी आहे, गेज काढा. काढला. आलेख काढला तेव्हा १४ व्या तासापर्यंत डेरिव्हेटिव्ह सपाट होता, आणि शेवटचे चार बिंदू वर उचललेले होते. मी त्यांच्याभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि बाजूला लिहिलं, ‘सीमा?’ वरिष्ठ म्हणाले, चार बिंदूंवर साठ्याची भिंत बांधता येत नाही, हा गेजचा दोष. अहवालात गेलं की सीमा आढळली नाही. त्यावर माझी सही आहे.

भूभौतिकीचा, म्हणजे सिस्मिकवाल्यांचा, विभाग आवारातल्या पलीकडच्या इमारतीत होता. त्यांच्या नकाशावर त्या विहिरीच्या पूर्वेला साधारण २०० मीटरवर एक तुटक रेघ होती. तुटक, कारण फॉल्टची त्यांना खात्री नव्हती, आणि खात्री नव्हती म्हणून ती अंतिम नकाशात आलीच नाही. माझ्याकडे चार बिंदू होते, त्यांच्याकडे तुटक रेघ होती, आणि मधे शंभर पावलांचं अंगण. मी ती रेघ बघितली सात महिन्यांनी. तोवर विहिरीचा दाब अपेक्षेपेक्षा कितीतरी वेगाने उतरला होता, आणि साठ्याचा पूर्ण घुमट एकसंध धरून बांधलेली यंत्रसामग्री निम्म्या क्षमतेवर चालत होती. पूर्वेला दुसरी विहीर खोदली तेव्हा तिथे दाब अगदी मूळचा, न हललेला निघाला. फॉल्ट घट्ट बंद होता. पलीकडच्या तेलाला अलीकडच्या विहिरीची खबरच नव्हती. ७२ तास थांबलो असतो तर रेघ दुपटीकडे निघाली आहे हे कुणालाही दिसलं असतं. आणि न थांबताही, ते दोन कागद एका टेबलावर ठेवले असते तरी पुरलं असतं. या गोष्टीचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून माझं म्हणणं आहे की सांगड चाचणीनंतर घालायची गोष्ट नाही, ती चाचणीआधी घालावी. आधी सिस्मिकचा नकाशा घे, पक्क्या रेघांबरोबर शंकेच्या रेघांसकट. तो शंकेचा नकाशा तुला हट्टाने मागावा लागेल, कारण अर्थ लावणारा माणूस आपल्या शंका सहसा छापत नाही. विहिरीपासून प्रत्येक रेघेचं अंतर मोज. मग संगणकावर त्याच विहिरीचं प्रारूप दोनदा चालव, एकदा फॉल्ट बंद धरून, एकदा गळका धरून. दोन्ही आलेख सुरुवातीला एकावर एक चालतील आणि कुठेतरी फुटतील. ते फुटणं गेजला ओळखू येईल एवढं स्पष्ट व्हायला जितके तास लागतात, तितके तास विहीर बंद ठेवायची. हा आकडा हातात असला की १८ व्या तासाला आलेल्या निरोपाला उत्तर देता येतं. रिग खरंच जाणार असेल तर स्वतःच नोंद ठेवणारा गेज विहिरीतच सोडून पुढचे दिवस मोजता येतात.

चाचणी झाल्यावर उलटा प्रवास. नकाशा म्हणतो २०० मीटर आणि विहीर म्हणते १२० मीटर, तर लगेच कुणा एकाला खोटं ठरवू नकोस. सिस्मिकमधला फॉल्ट आडवा काही दहा मीटर सरकलेला असू शकतो, वेग चुकीचा धरलेला असू शकतो, किंवा अलीकडे आणखी एखादा बारीक फॉल्ट असेल जो सिस्मिकच्या नजरेत मावत नाही. मग सिस्मिकवाल्याने विहिरीभोवतीच्या १२० मीटरच्या वर्तुळावर पुन्हा बसायचं आणि शेजारशेजारच्या लहरी कुठे एकमेकींशी जुळत नाहीत ते शोधायचं. मी अशी वर्तुळं ट्रेसिंग कागदावर काढून नकाशावर ठेवायचो. वर्तुळ ज्या शंकेच्या रेघेला टेकतं तिथे बोट ठेवलं की दोन्ही विभागांची माणसं पहिल्यांदाच एकाच जागेबद्दल बोलायला लागायची. दोन विहिरी असतील तर दोन वर्तुळं, आणि मग दिशेचा प्रश्नही बराचसा सुटतो.

जाडीचं असंच. चाचणीतून पारगम्यता आणि जाडी यांचा गुणाकार मिळतो, वेगवेगळे आकडे मिळत नाहीत. जाडी विहिरीपाशी लॉगमधून, म्हणजे विहिरीत उपकरण सोडून घेतलेल्या नोंदींतून, कळते, विहिरीपासून लांब सिस्मिकमधून. गुणाकाराला त्या जाडीने भागलं की खडक खरोखर किती वाहता आहे ते हाती येतं.

मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राचं उदाहरण तुला माहीत असेल. १९६० च्या दशकात जहाजांवरून केलेल्या सिस्मिक सर्वेक्षणात तो घुमट दिसला. १९७४ मध्ये सागर सम्राट रिगला तेल लागलं आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. घुमट सिस्मिकने दाखवला, त्याचं श्रेय त्यालाच. पण तिथली चुनखडी पातळ थरांची आहे, मधेमधे शेलचे, म्हणजे घट्ट मातकट खडकाचे, पापुद्रे आहेत, आणि उत्तर आणि दक्षिण असे क्षेत्राचे दोन भाग आहेत. कुठला थर किती देतो आणि कुठला थर कुणाशी जोडलेला आहे, हे नुसता घुमट बघून कळण्यासारखं नव्हतं. त्यासाठी विहिरींनाच विचारावं लागतं.

तुझ्या दोन्ही शिक्षकांना एक विनंती कर. एकच काल्पनिक क्षेत्र घेऊन एकाने नकाशा द्यावा, दुसऱ्याने त्याच विहिरीचा बिल्डअप द्यावा, आणि उत्तर तुम्ही विद्यार्थ्यांनी एकाच कागदावर लिहावं. एका दुपारचं काम आहे. आलेख वाचायला अडलं तर घरी ये, माझ्याकडे ट्रेसिंग कागद अजून आहेत.

पंढरपूरहून एक निवृत्त शिक्षिका विचारतात: तेलासाठी जमिनीत सुरुंग लावतात त्याने भूकंप होऊ शकतो का?

नाही, बाई. लहरींची जात तीच, म्हणून शंका येणं साहजिक आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या धक्क्याने आपल्याकडेही माणसं अंथरुणातून उठून अंगणात धावली, ती आठवण कुणी विसरलेलं नाही. पण सर्वेक्षणाच्या एका छिद्रात काही किलोच स्फोटकं असतात. किल्लारीला बाहेर पडलेली ऊर्जा त्याच्या कोटीपटीहून जास्त होती. भूकंपाला मुळात खडकात साठलेला ताण लागतो, तो सुरुंगाने भरता येत नाही. आता बऱ्याच ठिकाणी सुरुंगाऐवजी जमीन थरथरवणारे ट्रक वापरतात.

मंगळवेढा तालुक्यातून एक शेतकरी विचारतात: शेजाऱ्याने माझ्या बोअरपासून दीडशे फुटांवर नवं बोअर घेतलं. तेव्हापासून माझं पाणी कमी झालं. तो म्हणतो, संबंध नाही. कसं शोधायचं?

भांडण करण्याआधी मोजा, आणि शेजाऱ्याला बरोबर घेऊन मोजा. तेलक्षेत्रात दोन विहिरींचा संबंध आहे की नाही हे ज्या रीतीने बघतात, तीच रीत इथे चालते. एका विहिरीचा उपसा चालू ठेवायचा आणि दुसरी बंद ठेवून तिच्याकडे लक्ष द्यायचं. मधे फॉल्ट असेल तर तो अडवतो की गळतो हेसुद्धा आम्ही असंच ठरवायचो.

दोघांच्याही मोटारी संध्याकाळपासून सकाळपर्यंत बंद ठेवा. सकाळी दोन्ही बोअरमधली पाण्याची पातळी मोजा. दोन सुट्या वायरी, एक बॅटरी आणि छोटा एलईडी बल्ब असला की काम होतं. वायरीची उघडी टोकं पाण्याला टेकली की बल्ब मिणमिणतो, तिथे वायरीला खूण करून टेपने मोजायचं. मग फक्त शेजाऱ्याची मोटार चालू करा. तुमच्या बोअरची पातळी पहिला तास दर १० मिनिटांनी घ्या, पुढे दर अर्ध्या तासाने, असं तीन-चार तास. मोटार बंद केल्यावर पातळी कशी परत चढते तेही तितकाच वेळ लिहा. तो भाग टाळू नका, खरी माहिती तिथेच मिळते. दुसऱ्या दिवशी उलट करा, तुमची मोटार चालू आणि त्याचं बोअर बंद. त्या वेळात आजूबाजूच्या तिसऱ्या कुणाचा उपसा चालू नसेल याची खात्री करा, नाहीतर आकडे बिघडतात.

पातळी हललीच नाही तर शेजाऱ्याचं म्हणणं बरोबर आहे, आणि ते मान्य करायची तयारी ठेवा. काळ्या पाषाणात पाणी भेगांतून आणि दोन थरांच्या सांध्यातून चालतं. दीडशे फुटांवरचं बोअर वेगळ्याच भेगेवर असू शकतं आणि हजार फुटांवरचं तुमच्याच भेगेवर.

आकडे झाले की मला पाठवा, मी आलेख काढून देतो. वेळ, पातळी आणि दोन्ही बोअरची खोली लिहा. शिवाय साधा हाताने काढलेला नकाशा जोडा: तुमचं बोअर, त्याचं बोअर, आसपासच्या विहिरी, ओढा, आणि उत्तर कुठे आहे ते. दिशा लिहायला विसरू नका, ती मला आकड्यांतून कळणार नाही.